हँडल तुटलं? डिंकाची नळी उघडण्याआधी हे वाचा

फ्रिजचं हँडल हातात येतं तेव्हा माणूस आधी दाराकडे बघतो, मग हातातल्या तुकड्याकडे आणि लगेच डिंक शोधायला लागतो. मीही तेच केलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी आठवडाभर टिकलं आणि पुन्हा हातात आलं. चौथ्या वेळी दार नीट पाहिलं, तर खालच्या बाजूचं रबर चिकट होऊन चौकटीला घट्ट धरून बसलेलं. म्हणजे दार उघडायला दुप्पट जोर लागत होता आणि तो सगळा बिचाऱ्या हँडलवर येत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं, नवे स्क्रू लावले, आणि ते हँडल अजून जागेवर आहे.

म्हणून या लेखात डिंक बराच उशिरा येईल.

आधी एकच प्रश्न: हे हँडल पुन्हा निसटलं तर काय होईल?

फ्रिज, ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर यांची हँडलं दार ओढण्यासाठी असतात. दुरुस्ती फसली तर दार उघडणार नाही, चिडचिड होईल, एवढंच. इथे हवे तेवढे प्रयोग करा (मायक्रोवेव्ह, ओव्हन आणि फ्रिज यांच्या काही अटी आहेत, त्या पुढे येतील).

किटली, कुकर, ब्लेंडरचा काचेचा जग यांची गोष्ट वेगळी. इथे हँडल वजन उचलतं, तेही बऱ्याचदा उकळत्या पाण्याचं. ते मधेच सुटलं तर पायावर काय सांडेल याचा विचार करा. अशा ठिकाणी चिकटवलेलं हँडल मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये. तिथे नवं हँडल लावा, किंवा वस्तूच बदला.

विजेच्या किटलीत आणखी एक भानगड असते. पाणी उकळल्यावर ती आपोआप बंद होते, कारण वाफ एका वाटेने जाऊन दोन धातूंच्या पातळ पट्टीला तापवते आणि ती पट्टी वाकून स्विच पाडते. अनेक किटल्यांत हा स्विच हँडलमध्येच बसवलेला असतो. तिथे तडा गेला म्हणजे वाफ आणि पाणी नको तिथे पोचण्याची वाट मोकळी झाली. वरून डिंक फासून आत काय चाललंय ते कळत नाही.

कुकरच्या झाकणाचा आणि भांड्याचा दांडा एकमेकांवर येऊन झाकण अडकवतात, असं अनेक मॉडेलांत असतं. म्हणजे दांडा हा त्या कुलपाचाच भाग झाला. स्क्रू सैल असेल तर आवळा. दांड्याचं बेकलाइट (कडक, जड प्लॅस्टिक) तडकलं असेल तर त्याच मॉडेलचा नवा दांडा आणा. भांड्याला जोडलेली धातूची पट्टीच हलत असेल, तर घरगुती उपाय नाही.

उघडण्यापूर्वी

प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. तुटलेले सगळे तुकडे, अगदी नखाएवढा टवकाही, एका डबीत ठेवा. तो टवका नंतर सांधा कसा जुळतो ते सांगतो. प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. दोन स्क्रू दिसायला सारखे असले तरी एक 2 मिलिमीटर लांब असू शकतो, आणि तो चुकीच्या भोकात गेला की पलीकडचा पत्रा किंवा काच फोडतो.

तुटलंय की नुसतं सुटलंय?

डुगडुगणाऱ्या हँडलांपैकी बरीचशी तुटलेली नसतातच. फ्रिज आणि ओव्हनच्या धातूच्या दांड्यांना दोन्ही टोकांशी एक बारीक भोक असतं. खालून किंवा दाराच्या कडेकडून बघावं लागतं, समोरून दिसत नाही. टॉर्च लावून वाकून पाहा. त्या भोकात बिनडोक्याचा छोटा स्क्रू असतो. दाराला घट्ट बसवलेल्या एका खुंटीवर हँडल सरकवलेलं असतं आणि हा स्क्रू त्या खुंटीला दाबून धरतो. तो ॲलन कीने, म्हणजे काटकोनात वाकवलेल्या षटकोनी सळईने, फिरतो.

इथे लोक फसतात ते मापात. काही उपकरणांना मिलिमीटरची की लागते, म्हणजे 2, 2.5 किंवा 3. काहींना इंचाची. 3/32 इंच म्हणजे 2.38 मिलिमीटर. 2.5 ची की त्यात जाणार नाही, आणि 2 ची टाकून जोर लावला तर आतले कोपरे गोल होऊन जातील. की भोकात बसल्यावर अजिबात खडखडता कामा नये. खडखडली तर दुसरं माप शोधा.

आवळण्यापूर्वी हँडल दाराकडे दाबून पूर्ण आत बसवा आणि मग स्क्रू फिरवा. उलटं केलंत तर स्क्रू खुंटीच्या खाचेत न बसता कडेवर टेकतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. वारंवार सुटत असेल तर स्क्रूच्या आट्यांवर थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब टाका. निळा घ्या, तो हाताच्या अवजाराने पुन्हा सोडवता येतो. लाल घेतलात तर पुढच्या वेळी स्क्रू तापवावा लागेल. हा द्रव प्लॅस्टिकला मात्र लागू देऊ नका. काही प्लॅस्टिकांना त्याने बारीक तडे जातात.

प्लॅस्टिकच्या हँडलांचे स्क्रू बहुधा टोकाच्या टोपणाखाली लपलेले असतात. टोपण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, रंग जातो. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड किंवा गिटार वाजवायची पातळ चकती फटीत घालून हळूच उचला.

कशाचं बनलंय ते ओळखा

दुरुस्ती टिकणार की नाही हे अर्धंअधिक इथेच ठरतं. हँडलच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची जात सांगणारी बारीक उठावाची अक्षरं असतात. एबीएस, पीपी, पीए 66 अशी, कधी पुढे जीएफ 30, म्हणजे त्यात 30 टक्के काचतंतू मिसळलेत.

एबीएस चिकटवायला सोपं. नायलॉन म्हणजे पीए नखरे करतं, पण खरवडून घेतलं तर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) बऱ्यापैकी धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन हा मात्र छळवाद. त्याच्या पृष्ठभागावर कुठलाही साधा डिंक पसरतच नाही, वाळल्यावर सालीसारखा निघून येतो. अक्षरं सापडली नाहीत तर एक छोटा टवका साबण घातलेल्या पाण्यात टाका. तरंगला तर पीपी किंवा त्याच जातीचं काहीतरी. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण 0.9. बुडाला तर एबीएस, नायलॉन किंवा बेकलाइट.

बेकलाइट म्हणजे जड, काळं किंवा तपकिरी, टिचकी मारली तर भांड्यासारखं वाजणारं. लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये शोधलेलं हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून ते गरम भांड्यांच्या मुठींना इतकी वर्षं पुरून उरलंय. पण वितळत नाही म्हणजे तापवून जोडताही येत नाही, आणि वाकण्याऐवजी ते सरळ तडकतं. फार जुन्या बेकलाइटमध्ये कधीकधी ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असे. आजीच्या काळातली मूठ असेल तर ती कोरडी घासू नका, भोकंही पाडू नका.

चकचकीत धातूचं हँडल तुटलं आणि तुटक्या जागी राखाडी, दाणेदार दिसलं, तर तो जस्ताचा ओतीव मिश्रधातू आहे. हे घरी जुळत नाही. डाग द्यायला जावं तर तुकडाच वितळतो. सुटा भाग मागवा.

सुटा भाग मागवताना

मॉडेल क्रमांक दाराच्या आतल्या चौकटीवर किंवा मागच्या पट्टीवर असतो. तो फोटोसकट पाठवा. जुन्या उपकरणाचं हँडल मिळत नसेल तर दुसऱ्याचं चालेल का, हे एकाच मापावर ठरतं: दोन स्क्रूंच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच मध्यांतर येतं आणि मध्यबिंदू शोधत बसावं लागत नाही. त्यात 1 मिलिमीटरचा फरक असला तर हँडलकडचं भोक कानसने थोडं लांबट करता येतं. दाराकडचं भोक वाढवू नका.

प्लॅस्टिकचं हँडल सांधायची रीत

आता डिंक. पण एकटा डिंक नाही. दार ओढताना हँडलच्या मुळाशी जो पीळ पडतो तो नुसत्या चिकटवलेल्या सांध्याला सोसत नाही. सांध्याच्या एका कडेपासून उकलायला सुरुवात होते आणि मग फाटतच जातं. आतून धातूची सळई घातली की ती ओढ सळई घेते. डिंकाचं काम फक्त सळईला जागेवर धरणं.

झटपट चिकटणारा पातळ डिंक या कामाला नको. तो सेकंदात धरतो म्हणून मोह होतो, पण ठिसूळ असतो, धक्का बसला की सुटतो. आणि त्याचा जुना थर उरला की पुढचं काहीच धरत नाही. आधीच लावून बसला असाल तर तो खरवडून काढा. ॲसिटोनने सुटतो खरा, पण ॲसिटोन एबीएसलाही विरघळवतं, तेव्हा जपून.

दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या, तोही पाच मिनिटांत धरणारा नव्हे, सावकाश वाळणारा. मग असं करा:

1. तुकडे भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर तेलाचा न दिसणारा थर असतो. सांधे सुटायचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसलंय. पुसल्यावर तुटलेल्या जागेला बोट लावू नका.

2. डिंकाशिवाय तुकडे जुळवून बघा आणि सांध्याच्या आरपार पेन्सिलीच्या दोन-तीन रेघा मारा. ओल्या डिंकात तुकडे साबणासारखे घसरतात, तेव्हा याच रेघा वाचवतात.

3. तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत करू नका, त्याच्या खाचाखोचाच तर एकमेकांत बसतात. आजूबाजूचा आणि आतल्या पोकळीचा भाग 120 नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत करा.

4. 2 मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची सळई किंवा डोकं कापलेला खिळा घ्या. एका तुकड्यात 2.5 मिलिमीटरच्या ड्रिलने 10 ते 12 मिलिमीटर खोल भोक पाडा. भिंत पातळ असेल, म्हणजे भोकाच्या दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटरही उरत नसतील, तर सळईचा नाद सोडा आणि पुढे सांगितलेली पट्टी वापरा.

5. समोरचं भोक नेमकं जुळवणं हीच खरी गंमत. टोकदार खिळ्याचा छोटा तुकडा पहिल्या भोकात उलटा बसवा, टोक 1 मिलिमीटर बाहेर राहील असा. रेघा जुळवून दोन्ही तुकडे दाबा. समोर टोचल्याची खूण उमटते. तिथेच ड्रिल लावा.

6. सळईला कानसने आडव्या खाचा पाडा. गुळगुळीत सळई डिंकातून सुळकन बाहेर येते.

7. इपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घेऊन पूर्ण एक मिनिट ढवळा, कडेचं खरवडून मधे आणत. नीट न मिसळलेला भाग कायम चिकट राहतो. ढीग करून ठेवू नका, पसरून ठेवा. ढिगात तो स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतो.

8. टूथपिकने आधी भोकाच्या तळाशी डिंक भरा, मग सळई फिरवत आत घाला. नुसती सळई माखून घातली तर आत हवा अडकते आणि ती डिंक बाहेर ढकलते.

9. तुकडे जुळवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. फार करकचून नको. इपॉक्सीचा पातळ थर मधे राहायला हवा. बाहेर आलेला डिंक ओला असतानाच अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.

10. 24 तास हात लावू नका. थंडी असेल तर आणखी थांबा.

हँडल आतून पोकळ असेल तर मला सळईपेक्षा पट्टी आवडते. पोकळीत सांध्याच्या दोन्ही बाजूंना 3-4 सेंटिमीटर जाईल अशी ॲल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीत दाबून बसवायची. बाहेरून काही दिसत नाही आणि ताकद सळईपेक्षा जास्त.

पीपीचं हँडल असेल तर वरचे सगळे डिंक विसरा. आतून धातूची पट्टी ठेवून आरपार दोन-दोन एम 3 (म्हणजे 3 मिलिमीटर जाडीचे) स्क्रू आणि नट, हाच टिकाऊ मार्ग. दिसायला ओबडधोबड, पण हलत नाही. आणि तडा अर्ध्यावर थांबलेला असेल, तुकडा वेगळा झालेला नसेल, तर तड्याच्या अगदी टोकाला 2 मिलिमीटरचं भोक पाडा. टोकदार तड्याशी सगळा ताण एका बिंदूवर गोळा होतो. गोल भोकाने तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही.

आटे गेले असतील तर

स्क्रू फिरतच राहतो, आवळतच नाही, ही तक्रार हँडल तुटण्याइतकीच नेहमीची. प्लॅस्टिकच्या भोकात इपॉक्सी भरा, स्क्रूला व्हॅसलीनचा पातळ हात लावा आणि तो ओल्या डिंकातच जागेवर बसवा. दुसऱ्या दिवशी स्क्रू उलटा फिरवून काढा. आत नवे आटे तयार मिळतात. स्क्रूला व्हॅसलीन लावायला विसरलात तर तो जन्माचा तिथेच, आणि व्हॅसलीन भोकाच्या भिंतीला लागलं तर डिंक तिथे धरणार नाही.

धातूतले आटे गेले असतील तर एक माप वर जा. एम 4 च्या जागी एम 5 घालायचा तर 4.2 मिलिमीटरचं ड्रिल आणि एम 5 चा टॅप, म्हणजे आटे कापायचं अवजार, लागतं. हँडलकडचं भोकही त्या मानाने मोठं लागेल, ते आधी तपासा.

एक छोटी सवय लावून घ्या. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी तो उलटा, सोडवायच्या दिशेने, हळू फिरवा. एका ठिकाणी 'टक्' होऊन स्क्रू किंचित खाली बसतो. तिथून आवळायला घ्या. तो जुन्याच आट्यांत जातो, नवे कापत नाही. अर्धे आटे तर थेट सुलट फिरवल्यामुळेच जातात. आणि बेकलाइट असेल तर स्क्रूच्या डोक्याखाली फायबरचा वॉशर घाला, नाहीतर शेवटच्या पाव फेऱ्यात मूठ तडकते.

ओव्हनचं दार

ओव्हनच्या हँडलचे स्क्रू बहुतेक वेळा आतून, पुढच्या काचेमागून असतात. म्हणजे दार काढावं लागतं. दार पूर्ण उघडा, दोन्ही बिजागऱ्यांवरच्या छोट्या कड्या पुढे पाडा, दार अर्धवट मिटवा आणि दोन्ही हातांनी वर उचला. दोन-तीन काचांमुळे ते दिसतं त्यापेक्षा जड असतं. दार काढल्यावर त्या कड्या चुकूनही हलवू नका, बिजागरीची स्प्रिंग बोट चेचेल इतक्या जोराने मिटते.

दार जाड टॉवेलवर आडवं ठेवा, फरशीवर कडेवर उभं करू नका. ही काच टणक केलेली असते, मधे ठोसा सोसेल, पण कडेला छोटा टोला बसला तरी क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून तिला भोक पाडणं तर शक्यच नाही.

इथे साध्या इपॉक्सीवर भिस्त ठेवू नका. तो साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतो, आणि दाराच्या वरच्या फटीतून येणारी गरम हवा हँडलवरच येते. हँडल किती तापतं याचा अंदाज हाताने करू नका. इथे स्क्रू, स्प्रिंग वॉशर आणि गरज पडली तर नवं हँडल, बस्स.

मायक्रोवेव्हची अट

दाराला एकही नवं भोक पाडायचं नाही. दाराच्या कडेची रचना लहरी आत अडवण्यासाठी आखलेली असते, आणि त्यात मध्येच एखादा धातूचा स्क्रू घुसवणं म्हणजे ती बिघडवणं. बाहेरून दिसणारा स्क्रू आवळा, बाहेरचं हँडल बदला, इथवर ठीक. दार नीट बसत नसेल, आकडा तुटला असेल किंवा मुख्य कवच उघडावं लागणार असेल तर तंत्रज्ञाकडे द्या. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

फ्रिज, आणि मुळातलं कारण

फ्रिजच्या दारातही भोकं पाडू नका. आत फोम असतो आणि अनेक दारांत तारा असतात. स्क्रूची जागाच मोडली असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोमची जाड पट्टी लावून सपाट बैठकीचं हँडल बसवता येतं. पत्रा अल्कोहोलने पुसा, पट्टी दाबून बसवा आणि पूर्ण ताकद यायला 72 तास द्या. एका दिवसात कुणीतरी ओढणारच, म्हणून मी दारावर कागद चिकटवून ठेवतो.

मग कारण शोधा. फ्रिजचं दार बंद केल्यावर आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि काही क्षण दार आतून ओढलं जातं. त्याच वेळी काहीतरी विसरलं म्हणून आपण पुन्हा हिसका देतो. अर्धा मिनिट थांबलं तर तेच दार सहज उघडतं. रबर चिकट असेल तर पुसा. दारातल्या कप्प्यांत बाटल्या कोंबल्या असतील तर दार खाली झुकतं आणि हँडल तिरकं ओढलं जातं. कागदाची पट्टी दारात धरून चारही कडांना ओढून बघा. एकीकडे सुळकन निघाली आणि दुसरीकडे अडकली तर बिजागरी बघायची वेळ झाली.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या दिवशी वीस-पंचवीसदा दार उघडून मिटा, नेहमीच्याच जोराने. सांध्यावर पेन्सिलीच्या रेघा अजून असतील. त्या सरळ राहिल्या तर पुसून टाका. केसभर जरी सरकल्या तर सांधा आत हललाय. तो आजच उकला, वाट बघू नका.